धोट्यातला जोर

एफ.वाय. बी.एस्सी.च्या फिजिक्सच्या पहिल्या तासाला मी फक्त एक खडू घेऊन जाते. तो सरळ वर फेकते, झेलते, पुन्हा फेकते. मग विचारते: खडू हातातून सुटलाय, वर निघालाय, अजून माथ्यावर पोहोचलेला नाही. या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत? बाण काढून दाखवा. हवेचा विरोध सोडून द्या.

बाकांमधून फिरत वह्या पाहिल्या की जवळपास सगळीकडे दोन बाण दिसतात. एक खाली, त्याच्याजवळ एमजी, म्हणजे खडूचं वजन, लिहिलेलं. दुसरा वर, जरा लांब, त्याच्याजवळ 'फोर्स ऑफ हँड'. "अरे, पण हात तर कधीच सुटला ना?" म्हटलं की वर्ग माझ्याकडे जरा दयेनं बघतो. मागे एकदा शेवटच्या बाकावरून उत्तर आलं, "मॅडम, हाताचं जोर खडूत असतंय की. ते संपलं की मग येतंय खाली." (आमच्या सोलापुरात 'जोर' नपुंसकलिंगी असू शकतो. घरात तेलुगू नाहीतर कानडी, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी आणि अकरावीपासून फिजिक्स इंग्रजीत. लिंगाची चिंता कुणी करायची?)

उत्तर चूक आहे (हात सुटला की उरते ती फक्त पृथ्वीची ओढ, आणि चालू असलेली गती टिकायला बल लागत नाही), पण वेडगळ नाही. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियातला फिलोपोनस हेच म्हणत होता: फेकणारा वस्तूत काहीतरी भरतो आणि ते हळूहळू संपतं. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ब्युरिदाँनं त्यात दुरुस्ती केली. त्याच्या मते भरलेला जोर आपोआप संपत नाही, वस्तूचं वजन आणि वाटेतला विरोध त्याला संपवतात. आपल्याकडे वैशेषिक दर्शनाच्या विचारवंतांनीही बाणाचा विचार केला होता. बाणाची पहिली हालचाल 'नोदना'मुळे, म्हणजे ढकलण्यामुळे, पुढची त्याच्यात उपजलेल्या 'संस्कारा'मुळे. हे सांगितलं की वर्गातलं कुणीतरी हमखास म्हणतं, म्हणजे न्यूटनचं सगळं आपल्याकडे होतंच की. नव्हतं. न्यूटनपर्यंत यायला नेमकी हीच कल्पना सोडावी लागली, आणि ती सोडायला माणसांच्या कित्येक पिढ्या गेल्या. आमच्या पोरानं ती एका तासात सोडावी, अशी माझी अपेक्षा नसते.

तरीही गेली काही वर्षं तो पहिला तास संपला की मी स्टाफरूममध्ये गप्प बसून असते.

वीसेक वर्षं मी हा खडू फेकतेय. दोन बाण पूर्वीही असायचे. खरा फरक पडलाय तो त्यानंतरच्या पाच मिनिटांत. पूर्वी वरचा बाण मी खोडला की भांडण व्हायचं. "मग वर जातोच कसा?" असं कुणीतरी चिडून विचारायचं. दुसरं कुणी त्याला 'इनर्शिया' (जडत्व) म्हणून गप्प करू बघायचं, तिसरं म्हणायचं, इनर्शिया म्हणजे काय, ते सांग की आधी. आता वरचा बाण खोडला की पन्नास वह्यांतला वरचा बाण मुकाट्यानं खोडला जातो. एक-दोघं फळ्याचा फोटो काढतात. आणि एखादी हुशार, अगदी मनापासून शिकणारी मुलगी विचारते, "मॅडम, यात फॉर्म्युला कुठला लावायचा?"

भांडायचं असतं, हेच त्यांना ठाऊक नाही. ठाऊक असणार कुठून? ते भांडण ज्या वर्षात व्हायचं ते वर्षच त्यांच्या वाट्याला आलेलं नाही.

माझी अकरावी १९८७ सालची. वडील गिरणीत लूम खात्यात जॉबर, आणि दहावीपर्यंत मी सगळं मराठीतून शिकलेली. चाल आणि वेग, संवेग, त्वरण, जडत्व हे शब्द मला नीट येत होते; अकरावीत त्यांची जागा स्पीड, व्हेलॉसिटी, मोमेंटम यांनी घेतली आणि पहिल्या चाचणीत मला २५ पैकी ७ मिळाले. फिजिक्सला जे सर होते ते उंच आवाजाचे, खादीचा शर्ट, बोटं कायम खडूनं पांढरी. जुलैपासून दिवाळीपर्यंत त्यांनी व्हेक्टर आणि गतीचे नियम यांपलीकडे फारसं काही शिकवलं नाही. उतारावरचा ठोकळा. कप्पीवरून सोडलेली दोन वजनं. लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा असलेला माणूस. भिंतीला टेकवलेली शिडी.

शिडीवर आमचे चार दिवस गेले. ती घसरेल का, एवढाच प्रश्न. भिंत गुळगुळीत धरायची, जमीन खरखरीत. मी फळ्यावर सात बाण काढले होते. सर एकेका बाणावर बोट ठेवून विचारायचे, "हा कोण? याचा बाप दाखव." म्हणजे कुणीतरी ढकलतंय किंवा ओढतंय, त्याचं नाव सांग. पृथ्वी ओढतेय, ठीक. जमीन वर ढकलतेय, ठीक. जमीन घर्षणानं आडवं अडवतेय, ठीक. भिंत बाहेर लोटतेय, ठीक. उरलेल्या तीन बाणांचा बाप मला सापडेना. सरांनी ते डस्टरनं पुसले आणि म्हणाले, "बेवारस." अख्खा वर्ग हसला. घरी येऊन मी रडले, आणि रडून झाल्यावर भिंतीला खरी शिडी लावून बघितली. आमची भिंत गुळगुळीत नव्हती, त्यामुळे त्यातून फार काही सिद्ध झालं नाही.

आमच्या वेळचं सगळं सोन्याचं होतं, असं मला म्हणायचं नाही. त्या वर्गातल्या कितीतरी जणांना त्या चार महिन्यांत काही कळलं नाही आणि ते निमूटपणे दुसऱ्या वाटेला लागले. सर मारायचेही. पण ज्याला कळायचं त्याला कळण्यापुरता वेळ होता. चुकायचं, हट्ट धरायचा, चार दिवस डोक्यात घोळवायचं आणि कधीतरी आंघोळ करताना कबूल करायचं, एवढा वेळ.

आता अकरावीचा हिशेब बघा. बारावीच्या बोर्डाच्या पेपरात अकरावीचं काही नसतं. अकरावीची परीक्षा कॉलेजनंच घ्यायची आणि कॉलेजनंच तपासायची. त्यात नापास करण्याइतका निगरगट्टपणा कुणाकडे असतो? एमएचटी-सीईटीत फिजिक्सचे ५० प्रश्न असतात. त्यात साधारण ८० टक्के भार बारावीचा, २० टक्के अकरावीचा. म्हणजे अकरावीचे १०, तेही तिथल्या निवडक धड्यांवर. चुकलं तर गुण वजा होत नाहीत, त्यामुळे त्या दहांचे पर्याय डोळे मिटून भरले तरी सरासरीनं अडीच बरोबर येतात. सोळा वर्षांच्या पोराला हे गणित लगेच जमतं, आणि त्याच्या बापाला त्याहून लवकर. नीट आणि जेईईला अकरावीही तेवढीच लागते, हे खरं. पण त्यांची तयारी चालते क्लासमध्ये, लातूरला, नाहीतर इथल्याच एखाद्या 'इंटिग्रेटेड'मध्ये. कॉलेजात फक्त नाव असतं. शिवाय प्रवेशाच्या फेऱ्या. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, आणि फेऱ्या उरकेपर्यंत पावसाळा अर्धा सरतो. मग गणपती, नवरात्र, दिवाळी. फेब्रुवारीत बारावीचा पोर्शन सुरू.

त्या बारावीचा फिजिक्सचा पहिलाच धडा आहे रोटेशनल डायनॅमिक्स. बल म्हणजे काय हे जिथे धड ठरलेलं नाही तिथे टॉर्क, म्हणजे बलाचा फिरवणारा परिणाम. अकरावीच्या फिजिक्सला डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, लागतं सुरुवातीलाच, आणि गणिताच्या पुस्तकात ते काढायची रीत, डिफरन्सिएशन, येतं दुसऱ्या भागाच्या शेवटी. फिजिक्सवाल्यांनी म्हणून आपल्या पुस्तकात 'मॅथेमॅटिकल मेथड्स' असा एक धडा घातलाय. तो दोन तासांत उरकायचा असतो. मी स्वतः उरकलाय.

हे सांगायलाच हवं. डिग्रीच्या जोडीला सहा वर्षं मी ज्युनिअरलाही शिकवलं, हल्लीच्याच काळात. पहिल्या वर्षी मी शिडी शिकवली. दुसऱ्या वर्षी सुपरवायझर म्हणाले, मॅडम, बाकीच्या डिव्हिजन ग्रॅव्हिटेशनला पोहोचल्या. तिसऱ्या वर्षी मी शिडी गाळली. चौथ्या वर्षी 'इम्पॉर्टंट'ची यादी काढून झेरॉक्सच्या दुकानात ठेवली. मुलं खूश, पालक खूश, माझा घसा खूश. आज एफ.वाय.ला माझ्यासमोर येणारी मुलं कुणाच्या तरी अशाच चौथ्या वर्षातून आलेली असतात. त्यांच्यावर चिडायचा मला काय अधिकार?

करोनाचं नाव घेतलं की सगळे मान डोलावतात. २०२०-२१ मध्ये २५ टक्के अभ्यासक्रम कमी झाला, २०२१ साली दहावी-बारावीची परीक्षाच झाली नाही, आणि त्यानंतर आलेल्या मुलांनी व्हर्नियर कॅलिपर हातात धरला तो थेट आमच्या लॅबमध्ये. त्या दोन-तीन बॅचना खरंच भोगावं लागलं. पण त्या बॅचेस पदव्या घेऊन गेल्या आणि खडूवरचे दोन बाण आहेत तिथेच आहेत. सगळं खापर साथीवर फोडणं आपल्याला सोयीचं जातं, एवढंच.

दुखणं आपल्याच गावचं आहे असंही नाही. इंग्लंडात २००० साली ए-लेव्हलचे (तिकडच्या बारावीचे) विषय मॉड्यूलमध्ये तोडले, तेव्हा गणितात मेकॅनिक्स घ्यायचं की स्टॅटिस्टिक्स, हे बरंचसं निवडीवर आलं. फिजिक्स आणि इंजिनिअरिंगला येणारी काही मुलं मेकॅनिक्सला जेमतेम शिवून येऊ लागली. शेवटी २०१७ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात ते सगळ्यांना सक्तीचं झालं. न्यूटनच्या देशात न्यूटन ऐच्छिक होता, हे वाचून मला जरा हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. अमेरिकेत तर १९९२ साली हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडेमोड नसलेले, साध्या भाषेतले तीसेक प्रश्न तयार केले. ट्रक आणि छोटी गाडी धडकली तर कोण कुणाला जास्त जोरानं ढकलतं, अशा वळणाचे. मोठमोठ्या विद्यापीठांतली मुलं त्यात पडली. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी हे प्रश्न आपल्या वर्गाला दिले तेव्हा एका मुलीनं विचारलं होतं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी द्यायची की मी एरवी विचार करते तशी. मला ती मुलगी फार आवडते. तिच्या डोक्यात दोन खोल्या आहेत, हे तिला निदान माहीत होतं.

आमच्या मुलांच्याही दोन खोल्या असतात, आणि मधलं दार अकरावीत उघडायचं राहून गेलेलं असतं.

'जोर संपतंय' म्हणणारा तो मुलगा सोलापूरच्या पूर्वभागातला. घरात चार यंत्रमाग, खाली माग आणि वर राहणं. वडील आणि काका पाळीपाळीनं चालवतात, आजी कांड्या भरते. कॉलेज सुटलं की तोही मागावर उभा राहतो. हे मला कळलं ते त्याच्या गैरहजेरीवरून. टॉवेलची मोठी ऑर्डर होती म्हणून आठवडाभर आला नव्हता. प्रॅक्टिकलला फ्लायव्हीलपाशी उभा होता तेव्हा मी त्याला गाठलं आणि धोट्याचा विषय काढला, म्हणजे मागात आडवा धागा घेऊन एका टोकाच्या पेटीतून दुसऱ्या टोकाच्या पेटीत धावणाऱ्या लाकडी तुकड्याचा.

"धोटा कोण पळवतो रे?"

"काठी मारतंय की त्याला."

"मारून झाल्यावर?"

"मारल्याचं जोर असतंय त्यात."

"संपतो का तो जोर?"

"संपतंय की. संपल्यावर थांबतंय."

"मग पलीकडच्या पेटीत त्याला दाबणारी पट्टी कशाला असते? आणि शेवटाला चामडं?"

तो बोलला नाही. त्याचा हात फ्लायव्हीलवर होता आणि चाक सावकाश फिरत होतं.

मला हे सुचलं ते वडिलांमुळे. लहानपणी डबा द्यायला गिरणीत गेले की ते आधी मला खांद्याला धरून बाजूला सरकवायचे. धोट्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. मागाच्या दोन्ही टोकांना, धोटा ज्या दिशेनं जातो त्या दिशेला कुणी थांबत नसे. कधीकधी धोटा उडायचा, आणि उडालेला धोटा सरळच जायचा. एकाचा डोळा गेला होता. म्हणजे काठीचा त्याच्याशी संबंध संपल्यावर, त्याला पुढे ढकलणारं कुणी नसताना, तो सरळ जाणार आणि काहीतरी अडवेपर्यंत जाणार, हे लूम खात्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. हे माहीत असूनही प्रत्येक जण म्हणायचा, धोट्यात जोर असतो. वडीलही म्हणायचे.

हातानं काम करणाऱ्या पोरांना मेकॅनिक्स आपोआप येतं, असं आपल्याला म्हणायला आवडतं. तसं होत नाही. पट्टा सुटला की माग बंद. ढकलणं थांबलं की हातगाडी थांबते. बैल थांबले की ऊस तिथेच. आयुष्यभराचा अनुभव सांगतो की हालचालीला सतत कुणीतरी लागतं. शरीराला जे कळतं त्यातलं अर्धं न्यूटनच्या बाजूचं असतं आणि अर्धं त्याच्या विरोधात साक्ष देतं. दोन्ही साक्षी नीट ऐकून घ्यायला लागतात, आणि तिथेच वेळ जातो.

दोन दिवसांनी तो आला. "मॅडम, पेटीची पट्टी ढिली पडली की धोटा उलटा येतंय मागं. काकाला विचारलं." मी म्हटलं, बरं, मग? "मग जोर संपलेलं नसतंय." पाच मिनिटांनी परत आला. "पण मग फरशीवर ढकललेला डबा का थांबतो?" हा प्रश्न मी वर्गात घेतला. त्यावर दोन तास गेले. फरशी, पॉलिश केलेली फरशी, तेल सांडलेली फरशी, मागाखालची तेलकट फरशी जिथे आजी घसरून पडली होती. एका मुलीनं विचारलं की फरशी डब्याला अडवते तर डबा फरशीला काय करतो, आणि तिसरा नियम न सांगता वर्गात येऊन बसला. दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे ३० तास. त्यातले दोन मी डब्यावर घालवले, याची नोंद टीचिंग डायरीत 'फ्रिक्शन' अशी आहे. इलॅस्टिसिटी शेवटी घाईत झाली. खरं तर नीट झाली नाही.

सेमिस्टर संपली, पेपर झाला. त्याला बरे गुण मिळाले, फार नाहीत.

जानेवारीत गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा. संक्रांतीला सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. मिरवणुकीत पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ती उंच काठी कमरेशी टेकवून, दोन्ही हातांनी पेलत चालतात, आणि आजूबाजूला 'हर्र बोला हर्र' चाललेलं असतं. मी दरवर्षी एकाच ठिकाणी उभी राहते, जिथून माथा आणि पाय दोन्ही दिसतात. माथा कलला की पेलणारा काठी हातांनी मागे ओढत बसत नाही. माथा ज्या बाजूला चाललाय त्याच बाजूला त्याचे पाय सरकतात. शिकाऊ माणसाला हे सरावातच शिकावं लागतं, कारण अंगाची पहिली ओढ उलट्या दिशेची असते.

सुट्टीआधी वर्गाला मी सहज एक प्रश्न दिला होता, परीक्षेत न येणारा. तळहातावर पेन्सिल उभी राहत नाही, मग नंदीध्वज कसा पेलतात? बहुतेकांनी लिहिलं, भक्ती. ते मी चूक दिलं नाही. काहींनी लिहिलं, जड आहे म्हणून. पण पडण्याच्या वेगात वजनाचा हिशेब दोन्हीकडून उडून जातो, राहते ती लांबी. एकसारख्या जाडीची काठी बुंध्यावर उभी धरली तर तिला कलायला लागणारा वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पेन्सिल १८ सेंटिमीटरची आणि काठी समजा ९ मीटरची धरली तर लांबी पन्नासपट, वेळ साधारण सातपट. पेन्सिल आपल्याला सावरायला वेळच देत नाही. उंच काठी देते, आणि तिच्या माथ्यावरची सजावट त्यात आणखी थोडी भर घालते.

गड्डा संपल्यावर तो मुलगा स्टाफरूमच्या दाराशी आला. आता विषय इलेक्ट्रिसिटीचा चालू होता. हातात वहीतला फाडलेला कागद. त्यावर पेलणारा माणूस, काठी, बाण. त्याच्या ओळखीतला एक जण सरावाला जातो, त्यालाही एक रात्र धरायला दिली होती म्हणे, मोकळी काठी. प्रत्येक बाणाजवळ त्यानं मराठीत नाव लिहिलं होतं: पृथ्वी, हात, पट्टा, वारा. पुढे चालण्याच्या दिशेला एक बाण अर्धा काढून सोडला होता, त्याला नाव नव्हतं.

"हा?" मी विचारलं.

"तो चुकून आला, मॅडम. सवय आहे." मग म्हणाला, "दुसरंच विचारायचं होतं. काठी नुसती धरून उभा राहिलो, जागचा हललो नाही, तर वर्क झीरो ना?"

"झीरो."

"मग घाम कशाला आला?"

उत्तर मला माहीत आहे. काठी हलत नाही, म्हणून फिजिक्सच्या हिशेबात तिच्यावरचं काम शून्य, पण हाताचे स्नायू आतल्या आत आखडत-सुटत राहतात आणि त्याला ताकद लागते. एका वाक्यात संपलं असतं. बेल व्हायला दहा मिनिटं होती. मी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, टेबलावरचा पाण्याचा जग त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, हात सरळ समोर कर आणि धरून राहा. मी विचारेन, तू सांग.